गच्चीवरचा रेडिओ आणि सुभेदार

धाकट्या जावयाने सासऱ्यांच्या गोदामाच्या गच्चीवर बसवलेला रेडिओ दिवसातून सहा वेळा मरायचा आणि दर वेळी दोन मिनिटांनी आपला आपण उठून बसायचा. हा गाण्यांचा रेडिओ नव्हे. रस्त्यापलीकडच्या ऑफिसातलं इंटरनेट हवेतून झेलायचं आणि एका तारेने खालच्या स्विचकडे, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जोडलेल्या पेटीकडे, पोचवायचं, एवढंच त्या पांढऱ्या थाळीचं काम. वीजही तिला त्याच तारेतून मिळे. लिंक पडली की गोदामातले कॉम्प्युटर ठप्प होत, ट्रक दारात अडकत आणि सासरे फोन उचलत.

"जावईबापू, तुमचं बाळ पुन्हा झोपलं."

जावयाचा धंदाच नेटवर्कचा. त्याने स्विच बदलला. तार बदलली. तारेला नवे प्लग लावले. शेवटी रेडिओच बदलला. तो खांबावर चढलेला असे, खाली पहारेकरी शिडी धरून उभा असे, तेव्हा लिंक ढिम्म हलत नसे. त्याची स्कूटर कोपऱ्यावर पोचली की लिंक पडलीच.

या पहारेकऱ्याला सगळे सुभेदार म्हणत. फौजेत ते कधी नव्हते, पण मिशा फौजेतल्या होत्या.

"शुक्रवारपर्यंत बघतो," सासरे म्हणाले. "नाहीतर थोरल्यांना बोलावतो."

थोरले म्हणजे साडू. एका मोठ्या कंपनीत ते अशा हुद्द्यावर होते, की त्याचा अर्थ त्यांच्या बायकोलाही सांगता येत नसे.

"हे बघ," धाकट्याची बायको घरी म्हणाली, "थोरल्या भाऊजींनी दुरुस्त केलं ना, तर पुढची वीस वर्षं ताई मला ऐकवेल. आणि मी तुला."

शुक्रवारी साडू आले. लॅपटॉप उघडला, तो बघितला नाही. आकाश बघितलं.

"इंटरफेरन्स," ते म्हणाले.

"कशाचा, दादा?" धाकट्याने विचारलं.

"हवेचा. पन्नास फुटी टॉवर उभारावा लागेल."

सासऱ्यांनी मान डोलावली. धाकट्याच्या डोळ्यांसमोर वीस वर्षं उभी राहिली. शेवटचं एकदा खांबावर चढून बघावं, म्हणून तो शिडी धरायला सुभेदारांना बोलवायला फाटकाशी गेला. खुर्ची रिकामी होती.

"फेरीला गेलेत," एक ट्रकवाला म्हणाला.

तेवढ्यात आतून सासऱ्यांची हाक आली, "गेली! पुन्हा गेली!"

धाकटा जिने चढत गच्चीवर धावला. खांबाच्या बुडाशी सुभेदार उकिडवे बसले होते. रेडिओच्या तारेचा प्लग त्यांच्या हातात होता. त्यांनी त्यावर फुंकर मारली, तो सदऱ्याला पुसला आणि मोठ्या मायेने परत जागी खुपसला.

"सुभेदार! हे काय चाललंय?"

"तपासणी. तुम्हीच नाही का पहिल्या दिवशी सांगितलंत, प्लग ढिला झालाय का बघत जा म्हणून? आता काढल्याशिवाय तो घट्ट होता का ढिला, कळणार कसं?"

"दिवसातून सहा वेळा?"

"दर फेरीला. फेरीची वेळ मी रोज बदलतो. चोराला अंदाज येता कामा नये."

"पण इकडे लिंक पडते, हे कानावर आलं नाही तुमच्या?"

"आलं ना! म्हणून तर एकही फेरी चुकवत नाही."

धाकटा पायरीवर बसला. सुभेदारांना बंद करा म्हणावं, तर ते खाली जाऊन सासऱ्यांना कारण विचारणार. आणि कारण तर त्याच्याच तोंडचं होतं. मग त्याने खरा प्लग एका डबीत घालून डबीला कुलूप लावलं. शेजारी एक लाल डबी ठोकली. तिच्यात एक प्लग होता, आणि त्या प्लगची तार वीतभर जाऊन भिंतीत संपत होती.

"सुभेदार, आजपासून मुख्य प्लग हा. याच्यावर करडी नजर ठेवायची."

"आणि कुलूपवाला?"

"तो याच्या जिवावर आहे."

सुभेदारांनी सलाम ठोकला.

पंधरा दिवस लिंक पापणीही न लवता चालली. सासऱ्यांनी सगळ्या घरादाराला जेवायला बोलावलं आणि पहिलं ताट धाकट्या जावयापुढे ठेवलं. बायको ताईकडे बघून इतकं गोड हसली, की ताईला ठसका लागला. साडूंनी मात्र दुसऱ्या दिवशी थेट गच्ची गाठली. धाकटा मागोमाग होताच.

"ही लाल डबी नेमकं करते काय?" साडूंनी विचारलं.

धाकटा घाईघाईने डबीसमोर येऊ लागला. पण सुभेदार एक पाऊल पुढे सरसावले.

"साहेब, मी ही दिवसातून सहा वेळा तपासतो. तेव्हापासून लिंक एकदाही पडलेली नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. साडूंनी डबीचे तीन बाजूंनी फोटो काढले. मग घसा खाकरून, आवाज बारीक करून म्हणाले, "आमच्या कंपनीत अशी एखादी बसवता येईल का हो?"

"येईल की, दादा," धाकटा म्हणाला. "पण तिला सुभेदार लागतो."