हिल्काची चाळीस बस्करं

"बाजारातून एक नवा दोरासुद्धा विकत आणणार नाही, आणि तळं गोठायच्या आत चाळीस बस्करं शिवून दाखवीन," असं हिल्का बर्फस्नान मंडळाच्या बैठकीत सगळ्यांदेखत बोलून बसली. हातात कॉफीचा कप होता, तोंडात दालचिनीच्या पावाचा घास होता. तोंडात घास असताना माणसानं पैज मारू नये, हे तिला पुढे दोन महिन्यांनी कळलं.

सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीतल्या, तापल्या फळीवर उघड्या अंगानं बसायचं तर खाली एक बस्कर लागतंच. फळी पोळत नाही, आणि आपला घाम मागून येणाऱ्याच्या वाट्याला जात नाही. मंडळाची जुनी बस्करं आता इतकी विरली होती की त्यांच्यातून फळीच्या लाकडातले डोळे दिसत. चिटणीस तैमीचं म्हणणं होतं, शहरातून कागदाची मागवावीत. बसलं, उठलं, फेकलं. हे 'फेकलं' ऐकलं आणि हिल्कानं ती पैज मारली.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. मंडळाच्या सौनाला लागून एक चिमुकली खोली रिकामी पडून होती. उत्तरेकडे खिडकी, खिडकीत तळं, तळ्यापलीकडे बर्चच्या झाडांची पांढरी रांग. हिल्काला ती खोली हवी होती. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठाण मांडून होतं. जुन्या वस्तूंच्या दुकानातून ती कापडांची गाठोडी आणी, आणि मग चादरींचे झगे, अभ्र्यांच्या पिशव्या, टेबलक्लॉथांच्या टोप्या असा जुन्याचा नवा जन्म तिथेच व्हायचा. तिचा नवरा ओइवा अकरा महिने सूपची वाटी मांडीवर घेऊन जेवत होता. तक्रार मात्र एका शब्दाची नाही. आमच्या फिनलंडात गप्प माणसांची काही टंचाई नाही, पण त्यांच्यातही ओइवा गप्प म्हणून वेगळा ओळखू यायचा.

मंडळाच्या अध्यक्ष क्यूलिक्कीबाई. एकेकाळी त्यांनी अर्ध्या गावाला शाळेत शिवण शिकवलं होतं, आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्या धाकानं सुतारकामाच्या वर्गात गेलं होतं.

"हिल्का, आठवीत तू एप्रन शिवला होतास," बाई म्हणाल्या. "मी दहापैकी सहा दिले होते."

"आठवतंय, बाई."

"खिसा उलटा लावला होतास."

"तेही आठवतंय, बाई."

"बस्करं नीट झाली तर ती खोली तुझी. नाही झाली तर तैमीचे कागद."

दुसऱ्याच दिवशी हिल्का जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन उभी राहिली. आणि दैव असं की समोरच पडद्यांचा ढीग. कुठल्याशा बंद पडलेल्या खानावळीचे सुती पडदे, फिक्या निळ्या रंगावर पांढरे बुंदके, जणू बर्फ पडता पडता थबकलाय. हिल्कानं ते घरी आणले आणि तीनदा उकळून घेतले. रंग जातो का पाहिलं. नाही. आटतं का पाहिलं. जेवढं आटायचं तेवढं आटलं. कापड कसं सरळमार्गी निघालं! आजवर कुठल्या कापडानं तिला एवढी साथ दिली नव्हती.

अडचण अस्तराची होती. बस्कर जाड हवं, म्हणजे आत आणखी एक थर हवा. नवं कापड आणायचं तर पैज मोडणार. ती पुन्हा दुकानात गेली, तर तिथल्या बाईनं कोपऱ्यातली एक गुंडाळी तिच्या काखेत अशीच कोंबली. बंद झालेल्या जोड्यांच्या दुकानाची जाहिरातीची कापडी पट्टी होती ती. लांबच लांब, जाडजूड, आणि तिच्यावर तळहाताएवढ्या लाल अक्षरांत तेच तेच पुन्हा पुन्हा छापलेलं: 'शेवटचे तीन दिवस! सगळं निम्म्या किमतीत!'

हिल्कानं पट्टी उलटसुलट करून पाहिली. कोरी करकरीत होती. धुवावी का, असा विचार तिच्या मनात आला होता; ही नोंद इथे करून ठेवायला हवी. पण पडदे उकळताना घरातली दोन पातेली करपली होती आणि ओइवानं कॉफी दुधाच्या भांड्यात केली होती. शिवाय आतल्या थराला कोण बघतंय? आत जे असतं ते आतच राहतं, असं समजून तिनं कात्री चालवली.

मग महिनाभर मशीन गात राहिलं आणि त्याच्या तालावर हिल्काही.

जुनं ते फाडिते बाई, नवं ते जोडिते,
टाक्यात टाका घालून दिसाला ओढिते.

दिस खरोखरच ओढावे लागत होते, कारण डिसेंबरात उजेड दुपारी तीनलाच पाठ फिरवतो. काठ दुमडायचे, टीप घालायची, कोपरे उलटवून सुईनं टोकदार काढायचे, टांगायला एक नाडी लावायची. बस्करांची चवड वाढत गेली आणि ओइवाची वाटी मांडीवरून खिडकीच्या कठड्यावर गेली, कारण आता खुर्च्यांवरही बस्करं होती.

पहिलं बस्कर तिनं ओइवाकडून तपासून घेतलं. मंगळवार होता, तिला सर्दी झाली होती, म्हणून घरच्या सौनात तो एकटाच गेला. बाहेर आला, तेव्हा लालबुंद, तृप्त, कमरेला पंचा.

"कसं आहे बसायला?" तिनं विचारलं.

ओइवानं पंच्याचं टोक नीट खोचलं.

"बरं आहे," तो म्हणाला.

ओइवाचं 'बरं आहे' म्हणजे दुसऱ्या कुणाची पुष्पवृष्टी. लग्नाच्या दिवशी तो तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला होता. हिल्कानं उरलेली बस्करं दुप्पट वेगानं संपवली.

तळं गोठलं. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी दुपारी नव्या बस्करांचा पहिला मान कार्यकारिणीला देण्यात आला. कार्यकारिणी म्हणजे तिघी: क्यूलिक्कीबाई, तैमी, आणि ब्याऐंशी वर्षांच्या सेन्नीआजी, ज्या गेली साठ वर्षं बर्फात डुबकी मारत होत्या आणि आता बर्फच त्यांना जरा घाबरून होता. चौथी हिल्का, परीक्षेला बसल्यासारखी.

सौना नव्वद अंशांवर होता. बाई सगळ्यांत वरच्या फळीवर बसल्या. तैमी मधल्या फळीवर बसली, पण आधी बस्कर दोन बोटांत धरून झाडून घेतलं. सेन्नीआजी खालच्या फळीवर बसून शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतत राहिल्या. वाफ उठली, घाम सुटला. हिल्का एकेकीच्या तोंडाकडे बघत होती.

"मऊ आहे," शेवटी बाई म्हणाल्या.

"जाड आहे," सेन्नीआजी म्हणाल्या.

तैमीनं कागदाच्याही काही चांगल्या बाजू असतात अशी सुरुवात केली, पण आजींनी आणखी एक ओगराळं पाणी दगडांवर टाकलं आणि त्या बाजू वाफेत गेल्या.

"खोली हिल्काची," बाईंनी निकाल दिला. "ठरलं."

आमच्याकडे फळीवर बसून ठरलेलं खाली उतरून मोडत नाहीत. घरं विकली जातात, लग्नं जुळतात, सगळं फळीवर. हिल्काला वाटलं आपण आता वाफेबरोबर छतालाच लागणार.

मग डुबकी. बाहेर तळ्यात लाकडी पायवाट गेली होती, आणि तिच्या टोकाला बर्फात कापलेलं काळं पाणी. बाई पुढे, मागे तैमी, मागे सेन्नीआजी, सगळ्यांत शेवटी हिल्का. उजेड निळा झाला होता. पायवाटेवर दोन दिवे लागले होते. हिल्का सुखानं समोर पाहत चालली होती, आणि समोर पाहिल्यावर जे दिसायचं तेच तिला दिसत होतं.

सेन्नीआजींच्या पाठीखाली काहीतरी लाल होतं.

आधी तिला वाटलं, उष्णतेनं चट्टे उठलेत. मग दिव्याखालून जाताना चट्ट्यांची अक्षरं झालेली दिसली. सगळं उलटं, आरशातल्यासारखं. पण ती पट्टी महिनाभर हिल्काच्या मांडीवर होती. उलटी काय, तिरकी धरली तरी तिला वाचता आली असती. सेन्नीआजींवर 'तीन दिवस' होतं. पुढे तैमीवर 'शेवटचे'. आणि सगळ्यांच्या पुढे, ताठ मानेनं चाललेल्या, ज्यांच्यासमोर अजूनही गावातले आजोबा शर्टाची बटणं लावतात, त्या क्यूलिक्कीबाईंवर, ऐसपैस, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत: 'निम्म्या किमतीत'.

ओल्या घामानं आणि नव्वद अंशांनी अक्षरं अस्तरातून वर चढली होती.

हिल्काच्या पायाखाली बर्फ होता, पण तिला दरदरून घाम फुटला. तिनं पाण्यावर भरवसा ठेवला. धुऊन निघेल, तिनं स्वतःला समजावलं. एकेक जण पाण्यात उतरली, एकेक जण फुसफुसत वर आली, आणि लाल रंग आता तकतकत होता. तेव्हा तिला आठवीतला तास आठवला. फळ्यापाशी क्यूलिक्कीबाई, हातात छडी: मुलींनो, गरम पाण्यात रंगवलेलं कापड लगेच गार पाण्यात बुडवा. रंग पक्का बसतो.

आता कपडे बदलायची खोली, आणि त्या खोलीत माणूसभर उंचीचा आरसा. तो तैमीनंच मागच्या वर्षी हट्टानं बसवून घेतला होता. हिल्का ओल्या पायांनी पुढे धावली, पायवाटेवर तिघींना ओलांडून. असं ओलांडणं आमच्याकडे कुणी करत नाही. आरशावर टाकायला पंचा सापडेना, म्हणून ती स्वतःच आरशाला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. आरसा गार आहे. बरं वाटतंय."

"बाजूला हो. मला केस विंचरायचेत."

तिनं आठवीत असताना बाईंचं ऐकलं होतं, नववीत ऐकलं होतं, आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी पायांनी तिला न विचारता बाईंचं ऐकलं. ती बाजूला झाली.

पहिल्यांदा तैमीनं वळून पाहिलं, आणि आरशानं सगळं सरळ करून दाखवलं. तिनं जे काही म्हटलं ते चिटणिसाला शोभणारं नव्हतं. ठराव रद्द करा, बस्करं शेकोटीत घाला, आणि सोमवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, असं सगळं ती एका दमात बोलली. दाताच्या डॉक्टरला हे दिसण्याचं कारण नव्हतं, पण ते तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. सेन्नीआजी मात्र बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. माझे तीन दिवस, माझे तीन दिवस, डॉक्टरांनीसुद्धा मला एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं, असं म्हणत होत्या.

बाई आरशापुढे उभ्या राहिल्या. मान वळवून वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. हिल्काला ती खोली, ती खिडकी, ती बर्चची रांग, सगळं एकेक करून उसवत जाताना दिसत होतं.

बाईंनी खुंटीवरचं एक बस्कर काढलं. काठ पाहिला, कोपरा नखानं दाबून पाहिला, टीप दिव्याशी धरून पाहिली.

"टीप सरळ आहे," त्या म्हणाल्या. "अस्तर धुतलं नाहीस."

"नाही, बाई."

"सात."

"काय, बाई?"

"तेव्हा सहा दिले होते. आता सात. खोली तुझीच, फळीवर ठरलंय. तिथे बस आणि चाळीसच्या चाळीस उसव, अस्तर काढ, उकळ, पुन्हा शीव. तोवर तैमीचे कागद."

हिल्का कपडे घालायला वळली, तसं सेन्नीआजींचं हसू पुन्हा उसळलं. हिल्कालाही ठसा उमटला होता, पण तिच्या वाट्याला शब्दसुद्धा आला नव्हता. नुसतं एक उद्गारचिन्ह.

घरी आली तेव्हा ओइवा खिडकीपाशी वाटाण्याचं सूप खात होता. तिनं दार आपटलं, टोपी फेकली, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ओइवा चमचा थांबवून ऐकत राहिला. त्याला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. हिल्का हळूहळू थांबली.

"तुला माहीत होतं."

"हं."

"कधीपासून?"

"पहिलं बस्कर झालं, त्या बुधवारी पोहायला गेलो होतो. न्हाणीघरात शेजारच्या पाउलीनं विचारलं, हे दुकान कुठे आहे म्हणून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? एक महिना?"

"तू विचारलंस, बसायला कसं आहे," ओइवा म्हणाला. "बसायला बरं आहे."

हिल्कानं टोपी उचलून पुन्हा फेकली. ओइवानं सूपचा एक घोट घेतला आणि त्या वर्षातलं, कुणी न विचारता केलेलं, आपलं सगळ्यांत लांब भाषण केलं.

"सांगितलं असतं, तर तू सगळी उसवली असतीस. या टेबलावर. ईस्टरपर्यंत."

रविवारी सकाळी तो स्वतः मशीन उचलून घसरगाडीवर बांधून त्या खोलीत पोचवून आला, न सांगता, शीळ घालत. परत आल्यावर त्यानं टेबल पुसलं, त्यावर ताटली ठेवली, ताटलीशेजारी चमचा, चमच्याशेजारी मोहरीची बरणी, आणि तेरा महिन्यांनी दोन्ही कोपरं टेकवून जेवला.

खोली सुंदर होती. शनिवारी ती उबदारही वाटली होती, कारण भिंतीपलीकडे सौना पेटलेला होता. पण सौना पेटतो फक्त बुधवारी आणि शनिवारी, आणि खोलीला स्वतःची शेगडी नव्हती. हे विचारायचं आनंदाच्या भरात हिल्काच्या लक्षात आलं नव्हतं. रविवारी ती कोट घालून उसवत बसली. सोमवारी कोटावर ओइवाचा कोट. मंगळवारी उणे बावीस झालं. उसवायला बोटं वळेनात, शिवायला मशीनचं चाक वळेना. त्यातलं तेल गोठून तूप झालं होतं.

मंगळवारी दुपारी घसरगाडीचा आवाज अंगणात आला तेव्हा ओइवा जेवतच होता. त्यानं खिडकीतून पाहिलं. पुढे हिल्का, मागे मशीन, मशीनवर उसवायची राहिलेली एकतीस बस्करं.

त्यानं मोहरीची बरणी बाजूला सारली. वाटी उचलली आणि मांडीवर घेतली.