भुजंगमामांची बिनब्रेकाची नाव

गच्चीवर बुडालेला माणूस आमच्या बदनापुरात मी एकटाच असेन.

झालं असं, माझा धंदा मंडपाचा. शेजारचे भुजंगमामा माझे आठ बांबू अन् एक मोठी कनात "दोन दिवसांत देतो" म्हणून घेऊन गेल्ते. पंधरा दिवस झाले, लग्नसराई तोंडावर आली, तशी मी तणतणत त्यांच्या गच्चीवर गेलो. गच्चीभर पांढऱ्या रंगानं लांबट वांग्यासारखी रेघ ओढलेली. मी रेघेवरून पाय टाकला तशी मामा आतून कडाडले, "बुडाला! दिग्या, तू बुडाला! तिथं कठडा हाये. मागून चढ!"

आता भर उन्हात, सिमेंटच्या गच्चीवर, कोरडाठाक उभा असलेला माणूस बुडाला म्हटल्यावर काय बोलायचं, सांगा! मी मुकाट्यानं वळसा घालून मागून चढलो. करता काय, बांबू आत होते.

भुजंगमामा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. चौतीस वर्षं स्टेअरिंगवर काढली. अजूनही बाहेर निघताना खाकी शर्ट घालतात अन् घराबाहेर पडण्याआधी चपलांचे तळ बघतात. टायर बघायची सवय, दुसरं काय. त्यांचं एक वाक्य साऱ्या गल्लीला पाठ आहे : "आधी ब्रेक बघायचा, मंग गाडी." हे ते माणसांनाही लावतात. वंदनाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, लग्नाच्या वेळी कोकणातलं स्थळ आलं तेव्हा सगळे पोराची नोकरी विचारत होते. मामा म्हणाले, "पोरगं चांगलं हाये, पण ब्रेक लागतो का त्याला?"

न्हाई लागला. जावयानं दोन वर्षांखाली नोकरी सोडली अन् शिडाची एक जुनी नाव घेतली. आता तो, वंदना अन् त्यांची चार वर्षांची छकुली, तिघं त्या नावेतच राहतात. तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप. रत्नागिरीकडून किनाऱ्या-किनाऱ्यानं गोव्याला जायचं शिकून राह्यलेत. एक दिवस वंदनाचा फोन आला, "बाबा, आईला घेऊन या. महिनाभर आमच्यासोबत राहा."

झालं! त्या दिवसापासून गच्चीचा समुद्र झाला.

रोज संध्याकाळी फोनवर शिकवणी चाले. पहिल्याच दिवशी घोळ झाला. मामांनी विचारलं, "ब्रेक कुठंशी हाये?" वंदना म्हणाली, शिडाच्या नावेला ब्रेक नसतो. मामा त्या रात्री जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आले, "दिग्या, बिनब्रेकाची गाडी डेपोतून बाहेर काढलीच कशी रे यांनी? अन् सुकाणू डावीकडं दाबलं की नाव उजवीकडं जाती म्हणं. हे कुणाचं डोकं?"

एका धड्यात मात्र मामा पैकीच्या पैकी पास झाले. वंदना म्हणाली, "बाबा, नावेत पाणी मोजकं असतं. दोघांना दिवसाला एक बादली." मामा इतके हसले की ठसका लागला. "अगं, तू हे जालना जिल्ह्याच्या माणसाला शिकवून राह्यली का? आठ दिवसांनी नळ येतो इथं! एका बादलीत मी आंघोळ करून, फरशी पुसून, उरलेलं तुळशीला घालतो." खरंच आहे ते. समुद्रावर राहायला आमच्याइतकी तयारीची माणसं कोकणातसुद्धा मिळायची न्हाईत.

सगळ्यात हाल झाले ते मामींचे. नावेतली चूल हलती असते, हे कळल्यावर मामांनी गॅसची शेगडी चार दोऱ्यांनी माझ्याच बांबूंना टांगली. मामी भाकर टाकायच्या अन् हे समुद्र होऊन शेगडीला झोके द्यायचे. पहिली भाकर मामींच्या पदरावर, दुसरी शेजारच्या गच्चीवर. तिसऱ्या दिवशी मामींना झोक्याचा अंदाज आला. भाकर अशी टम्म फुगली की मी टाळ्या वाजवल्या.

"मामी, तुम्ही तर तयार झाल्या की!"

"तयार कसली? मी जाणारच न्हाई," मामी भाकर उलटत म्हणाल्या. "हे जातील. मी घर सांभाळते."

"पाण्याची भीती वाटती का?"

"पाण्याला काय भ्यायचं? गाडी हाकायला बसले की ह्यांना मी दिसत न्हाई, दिगंबर. चौतीस वर्षं एकटीनं घरात काढली. आता समुद्रात जाऊन एकटी बसू का?"

हे मामा ऐकत होते. दोरी हलवायची थांबले.

पण हट्ट सुटला न्हाई. त्यांनी प्लास्टिकचे सहा ड्रम जमवले, वर माझे बांबू बांधले, मधे डोलकाठी उभी केली, मागं फळीचं सुकाणू बसवलं अन् माझ्या कनातीचं शीड लावलं. लाल-पिवळ्या पट्ट्यांची कनात होती, मुंजीत वाढपाच्या जागेला लावतो ती. एका रविवारी सकाळी ही वरात गावाबाहेरच्या तलावावर निघाली. तलावात तेव्हा छातीएवढं पाणी. मामींना बसा म्हटलं तर त्या बांधावर पिशवी घेऊन बसल्या, "मला इथूनच दिसतंय." मग पॅसेंजर कोण? मी! कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब.

मामांनी खाकीची बटणं लावली, चारी कोपरे तपासले अन् म्हणाले, "दे डबल बेल!" मी तोंडानं टिंग टिंग केलं. तेवढ्यात वारा असा भरला की कनात ढोलासारखी तट्ट झाली अन् आम्ही सुटलो. मामांचा उजवा पाय खाली ब्रेक शोधून राह्यला. "बाजू, बाजू!" म्हणून ते समोरच्या म्हशींना हात दाखवून राह्यले. म्हशी कशाला हलतात? आम्हीच त्यांना वळसा घातला अन् पलीकडच्या काठावर बाभळीत घुसलो. माझा शर्ट फाटला, कनात फाटली.

माझं डोकं फिरलं. काठावर बसून मी मामांना नको नको ते बोललो. "हौस तुमची, अन् साऱ्या गावाला ताप! मामी येत न्हाई म्हणतात तर राहू द्या त्यांना. जा ना एकटे!"

मामा पायातला काटा काढत होते. म्हणाले, "एकट्यानं जायचं असतं तर एवढा उपद्व्याप कशाला केला असता?"

मग थांबून म्हणाले, "साऱ्या नोकरीत ती माझ्या गाडीत एकदाच बसली. जालना-जाफराबाद. माहेरी चालली होती, माझ्या मागच्याच सीटवर. भोकरदनपर्यंत काहीबाही बोलून राह्यल्ती. इंजिनाचा आवाज, मला एक शब्द कळंना. मागं वळता येतं का ड्रायव्हरला? जाफराबादला उतरली, मला लगेच दुसरी ट्रिप. काय म्हणत होती, ते विचारायचं राह्यलं ते राह्यलंच. आता वंदीनं नावेचा फोटो पाठवला. बघितलं तर हाकणारा मागं बसतो अन् बाकीचे त्याच्या समोर, तोंडाकडं तोंड करून. इंजिन बंद. म्हटलं, हे बराबर हाये. ती बोलंल, मी ऐकीन."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मान वर केली तर मागं मामी उभ्या. बांधावरून चालत आल्या होत्या, हातात कोरडा टॉवेल. किती ऐकलं, कोण जाणे. त्यांनी टॉवेल मामांच्या डोक्यावर टाकला अन् मला म्हणाल्या, "दिगंबर, तू पायी जा. मी बसते."

मी नाव बाभळीतून काढून आत ढकलून दिली अन् बांधावरून निघालो. दर दहा पावलांना मागं बघत होतो, काळजीच वाटत होती. फाटक्या कनातीत वारा काही धरेना. नाव तलावाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मामी मामांकडं तोंड करून बसल्या होत्या अन् त्यांचे हात सारखे हलत होते. मामा सुकाणू धरून नुसती मान डोलवत होते. मी अलीकडच्या काठाला पोचलो, टपरीवर दोन चहा घेतले, परत आलो, तरी नाव तिथंच. हाक मारावीशी वाटली न्हाई.

तासाभरानं वारा फिरला अन् त्यानंच त्यांना अलीकडच्या काठाला आणून लावलं. मी दोरी धरली अन् हळूच विचारलं, "मामा, येते म्हणाल्या का मामी?"

"अरे, ते विचारायचं राहूनच गेलं," मामा म्हणाले. "ती बोलून राह्यल्ती ना!"

मामी तोवर उतरून पुढं गेल्या होत्या. फोन कानाला होता अन् आवाज अख्ख्या तलावाला ऐकू जाईल एवढा. "वंदे, आम्ही दोघं येतोय गं. माझी जागा धरून ठेव. शेजारची नको, ह्यांच्या समोरची."