मागून लांब

चाळीस वर्षं पुरुषांच्या पँटी शिवून निवृत्त झालेले मास्तर इस्त्रीच्या टेबलावर लेकीचा नवा ड्रेस पसरून बघत होते आणि त्यांचा जीव खालीवर होत होता. घेर पुढून गुडघ्यापाशीच संपत होता आणि मागून पार घोट्यापर्यंत लोंबत होता. कुणा शिकाऊने एवढं चांगलं कापड नासवलं म्हणून मास्तर चडफडले.

लेक त्या संध्याकाळी कंपनीच्या समारंभाचं सूत्रसंचालन करणार होती. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या ऑफिससमोर. "बाबा, जरा इस्त्री फिरवाल?" एवढंच म्हणून ती केस धुवायला गेली होती. पण डोळ्यांदेखत पोरीचं हसं कसं होऊ द्यायचं? मास्तरांनी टेप लावली, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. वीस मिनिटांत घेर चहूबाजूंनी एका मापात आला.

लेक बाहेर आली. तिने ड्रेस पाहिला, मग टेबलाखालचं कापड पाहिलं.

"बाबा, मागचं कुठे गेलं?"

"वाकडं होतं. सरळ केलं."

"तो तसाच असतो. मागून लांब. त्यासाठीच तर घेतला होता."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "जोडून देतो. शिवण दिसणारसुद्धा नाही."

"राहू दे, बाबा."

ती ऑफिसचीच काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून गेली. फोटोत सगळ्याजणी झगमगत होत्या आणि लेक माइक लावायला आल्यासारखी दिसत होती. मास्तरांनी तो फोटो तीनतीनदा पाहिला. पोरगी चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती काहीच बोलली नाही. तिचे कपडे मात्र त्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जाऊ लागले, आणि ते मास्तरांना फार लागलं.

"तीस वर्षं घरात बायका वावरतायत," बायको म्हणाली, "कधी बघितलंत का, कोण कधी काय घालतं ते?"

बघितलं नव्हतं. मग मास्तरांनी बायकोला विचारून विचारून मापाच्या वहीत टिपून घेतलं. ऑफिसला साधं, अंगाबरोबर. संध्याकाळी घोळदार. खांदा उघडा असेल तर तो शिवायचा राहिलेला नाही. बाही एकच असेल तर दुसरी शोधू नये.

महिन्याभराने लेक बढतीच्या मुलाखतीला निघाली. ती दारात चपला घालत असताना मास्तरांना दिसलं, तिच्या पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं खाली आला होता. त्यांनी तोंड उघडलं, वही आठवली आणि मिटलं.

"कशी दिसतेय?"

"छान," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी ती आली ती थेट त्यांच्यापुढे उभी राहिली. "तिन्ही साहेब माझ्या पायाकडेच बघत होते. दुमड सुटलीय. तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तशीच पद्धत असेल."

लेक आत गेली, पँट बदलून आली आणि ती सुईदोऱ्यासकट त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुम्हीच करा, बाबा. मला लाँड्रीवाल्याचा भरवसा नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. दोन्ही पाय शेजारी शेजारी लावून ते बराच वेळ बघत बसले. मग हळूच त्यांनी विचारलं, "यातला बरोबर पाय कुठला?"