चार खांद्यांची रजा

आईंना गडावर न्यायचे, याविषयी घरात दुमत नव्हते. कधी न्यायचे, एवढेच ठरत नव्हते. गड स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून आई तो पाहत आल्या होत्या. "पुढच्या वर्षी नक्की" असे दरवर्षी सांगणारे त्यांचे यजमान एके वर्षी पुढच्या वर्षाची वाट न पाहताच निघून गेले. आता आईंचे गुडघे वाकेनासे झाले होते आणि हृदयाची झडप थकली होती. डॉक्टरांनी धाकट्या मुलाला दाराबाहेर नेऊन, परंतु आईंना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात, सांगितले होते की जे करायचे ते थंडी पडण्यापूर्वी करा, पुढचे वर्ष धरू नका.

त्याच संध्याकाळी आईंनी सर्वांना बोलावून आपला निर्णय सांगितला. धाकट्याचा फर्निचरचा कारखाना होता. त्याने वाहून नेण्याची खुर्ची बनवायची. उचलणारे चौघे मात्र घरचेच हवेत: थोरला, धाकटा, जावई आणि पुतण्या. जावयांनी भीत भीत भाड्याच्या माणसांचा विषय काढला. भाड्याची माणसे सामान नेतात, असे आईंनी त्यांना समजावले आणि तो विषय तिथेच संपला.

मग तारखा सुरू झाल्या. थोरला विमा कंपनीत होता. त्याचे साहेब प्रत्येक वेळी विचारीत, गड काय पळून चालला आहे? साहेब नरमले तेव्हा जावयांच्या शाळेत परीक्षा निघाल्या. परीक्षा संपल्या तेव्हा बस चालवणाऱ्या पुतण्याची पाळी बदलली. मुलगी परिचारिका होती. तिच्यावाचून आईंना वर नेणे धोक्याचे, आणि तिच्या वॉर्डात माणसे कमी. कोणी खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाची अडचण खरी होती, हेच त्यातले वाईट. आई दर आठवड्याला थोड्या अधिक दमत होत्या.

खुर्ची तेवढी वेळेवर तयार झाली. गुडघे वाकत नसल्यामुळे ती लांब आणि बरीचशी आडवी होती. दोन्ही बाजूंना खांद्यावर घ्यायचे दांडे होते. चाचणी घेतल्याशिवाय माल बाहेर काढायचा नाही, हा धाकट्याच्या कारखान्याचा नियम. एका मंगळवारी दुपारी तो आपले तीन कामगार घेऊन आला. केवळ चाचणीपुरती आईंनी त्यांना परवानगी दिली.

धाकट्याने सर्व काही कारखान्याच्या रीतीने केले. जिन्यात रंगकाम चालले होते आणि वरून थेंब पडत होते. म्हणून पॉलिश केलेल्या कपाटावर घालावी तशी पांढरी चादर त्याने आईंवर डोक्यापर्यंत घातली. ओझे हलले की खांदा ढळतो. म्हणून आईंनी मुळीच हलायचे नाही, असे ठरले. उचलणाऱ्यांनी बोलायचे नाही, पाऊल एकदम टाकायचे. वळणावर खुर्ची अडू नये म्हणून पायांची बाजू पुढे. अशा रीतीने ते चौघे मान खाली घालून, मूकपणे, पायरी पायरी जिना उतरले.

तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांनी दार उघडले, समोरून जाणारे पाहिले, हात जोडले आणि दार हलकेच लावून घेतले. अशा वेळी घरच्यांना प्रश्न विचारणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. उलट, आयुष्यभर माणसांच्या दारात अशा तारा पोहोचवल्या असल्यामुळे पुढचे काम आपलेच आहे, याविषयी त्यांना शंका उरली नाही. खिडक्या बंद करून ते फोनजवळ बसले.

अंगणात खुर्ची टेकताच कामगार जेवायला गेले. एक दांडा सरकत होता, म्हणून धाकटा कारखान्यात पट्टा आणायला गेला. आईंनी चादर बाजूला केली आणि सावलीत गडाकडे पाहत त्या पडून राहिल्या.

पहिली आली ती मुलगी, वॉर्डातल्याच कपड्यांत. आई समोर बोलत असतानाही तिने आधी नाडी पाहिली आणि मग तिथेच फरशीवर बसून ती रडू लागली. पाठोपाठ टॅक्सीतून थोरला उतरला. जावई वर्ग सोडून आले. पुतण्याने भरलेली बस मधल्याच थांब्यावर दुसऱ्या चालकाच्या ताब्यात दिली होती. तेवढ्यात काळा कोट घालून पोस्टमास्तर बाहेर आले. त्यांची नजर जमिनीकडे होती आणि दोन शब्द त्यांनी मनात जुळवून ठेवले होते.

"वहिनींची एकच इच्छा होती," ते म्हणाले, "आणि ती पुरी करायला चार माणसांना एक दिवस सापडला नाही."

"बरोबर बोललात," आई म्हणाल्या. "बसा."

पोस्टमास्तर बसले. आईंनी थोरल्याला पाणी प्यायला लावले.

"साहेब काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. आठवडाभर येऊ नकोस म्हणाले."

"आणि गडासाठी मागितलीस तेव्हा?"

बाकीच्यांची चौकशी झाली. सगळ्यांना रजा मिळाली होती, तीही न मागता. मुलीच्या वॉर्डात बदली बाई आधीच येऊन उभीसुद्धा राहिली होती.

"मग उद्या सकाळी निघू," आई म्हणाल्या.

"आई, अगं, मी ऑफिसात काय सांगू?"

"काही सांगू नकोस. दुःखातल्या माणसाला कोणी विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी ते चढले. ऊन फार म्हणून मुलीने आईंवर चादर ओढली होती. वरून उतरणारे लोक ती दिसताच वाटेच्या कडेला सरत, टोप्या काढून स्तब्ध उभे राहत. एकदा चादरीतून हात बाहेर आला आणि आईंनी एका घोळक्याला बजावले की बिनटोपीचे उन्हात उभे राहू नका. तो घोळका उरलेला गड बराच वेगाने उतरला.

माथ्यावर तटाशी खुर्ची टेकवली. खाली काड्यापेट्यांसारखी घरे होती. आपली खिडकी कोणती, ते आईंना ओळखता आले नाही. पण त्या पाहत राहिल्या. थोरला खांदा चोळीत जवळ येऊन उभा राहिला. एक प्रश्न त्याच्या मनात रात्रभर असावा.

"आई, पण खरंच जेव्हा... तेव्हा साहेब रजा कशी देतील?"

आईंनी नजर हलवली नाही.

"बिनपगारी घे," त्या म्हणाल्या. "एक दिवस पुरेल. तेव्हा नुसता जिना उतरायचा असेल."