पेशकार काकांचं पिणं

दत्तूकाका पिशवीत दारूची बाटली अशी ठेवायचे की बूड आत आणि मान बाहेर, जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला दिसायलाच हवी. मग भिंत धरून उतरताना कुणी समोर आलं की हसून सांगायचे, "आज जरा ज्यादाच झाली, बाई."

आता मला सांगा, दारुडा असं आपण होऊन कबूल करतो का? पण आमच्या काचीगुड्याच्या बिल्डिंगमध्ये एवढा विचार कोण करतो! कोर्टात जज्जापुढे कागद ठेवणारे रिटायर्ड पेशकार, बायको गेलेली, पाय लटपटतात, जीभ जड. झालं. मीच तोंडावर म्हणायचे, "काका, जनाची नाही तर मनाची तरी लाज धरा." ते म्हणायचे, "बिलकुल बरोबर बोललीस." वास मात्र कधी आला नाही. विचारलं तर म्हणायचे, "भारी माल आहे, वास नाही मारत."

लाजेनं मरायची ती त्यांची लेक माधवी. मैत्रिणींना कधी घरी आणलं नाही. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा काकांना माझ्याकडे बसवून ठेवलं होतं. बाप माझ्या स्वयंपाकघरात खुशाल मिरचीचं सालन चापत बसला.

साखरपुड्यानंतर माधवीचेच पाय अडखळू लागले. घरात आणखी कुणाला असं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "बाबा पितात." डॉक्टर म्हणाले, त्यांनाच घेऊन या. सोबतीला मी गेले.

"कित्ता पीते साब?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी लेकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "एक बूंद नहीं. बाटलीत जिऱ्याचं पाणी असतं."

काकांचे वडीलही असेच झोकांड्या देत चालायचे. घराण्यात रोग आहे अशी बोंब झाली आणि काकांच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती तशीच राहिली. म्हणून स्वतःचे पाय लटपटायला लागल्यावर काकांनी बाटली आणली. "दारुड्याच्या पोरीला स्थळ येतं," ते म्हणाले, "रोगाच्या घरी कोण येतो?"

दोघांचं रक्त तपासायला गेलं. दोघांच्या जनुकांत एकच दोष निघाला. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजतो, हे बापाकडूनच लेकीला आलंय, बरं करणारं औषध नाही, व्यायामानं चालणं टिकवता येईल, असं डॉक्टरांनी समजावलं. माधवी उठली आणि होणाऱ्या नवऱ्याला सगळं खरं सांगायला फोन घेऊन बाहेर गेली.

काका बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "निदान तिला तरी सांगायचं होतं, काका."

"तिला माझी लाज वाटायची, ते बरं होतं गं," ते म्हणाले. "माझ्यापासून लांब लांब राहायची. मला वाटायचं, लांब राहिली म्हणजे वाचली."

माधवी परत आली. "विचार करून कळवतो म्हणाला," एवढंच बोलली आणि बापाशेजारी बसली. काका सवयीनं बाकाच्या टोकाला सरकले. तीही त्यांच्याकडे सरकली.