लिन आंटीचे चिनी कान

आधी लिन आंटीचं नाव घेते, मग बाकीचं. मला कोविड झाला तेव्हा नवरा दूर उत्तरेला, डार्विनला गॅसच्या कामावर अडकलेला. आमच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या या चिनी शेजारणीने रोज दाराशी पातेलं ठेवलं, बेल वाजवली आणि धूम ठोकली. सत्तरीची बाई, पण खरंच पळायची.

दुकानात टॉयलेट पेपरवरून भांडणं चालली होती, तेव्हा ही कुंपणाशी त्याच्या पट्ट्या ओठांपुढे धरून कोरियन शब्द म्हणायची, कुठल्या अक्षराला किती हवा सुटते ते बघायला. ‘त्तल’ म्हणजे मुलगी, पट्टी ढिम्म. ‘तल’ चंद्र आणि ‘थल’ मुखवटा, दोन्हींना पट्टी हलायची. तिला दोन्ही एकच ऐकू यायचे. खरं सांगायचं तर मलाही.

तिची लेक कोरियात, सोलला नर्स, सतत ड्युटीवर. चार वर्षांची नात तिकडच्या आजीपाशी, म्हणजे लेकीच्या सासूपाशी, तिला फक्त कोरियन येतं. व्हिडिओवर ती काही बोलली की आंटी म्हणणार, पुन्हा सांग. तिसऱ्यांदा पोरगी ओरडायचीच.

ऑनलाइन शिकवणारा म्हणाला, चिनी लोकांचं या अक्षरांत असंच होतं, सोडून द्या. आंटीने लॅपटॉप मिटला.

मी नववीत शाळा सोडलेली. म्हटलं, आंटी, आपले कानच अडाणी.

“कान अडाणी नसतो,” ती तडकली. “आईने शिकवलं ते ऐकतो. माझ्या आईने चढउतार शिकवलाय.”

चिनीत म्हणे आवाज चढला-उतरला की अर्थच बदलतो. तिने पट्ट्या फेकल्या, डोळे मिटले आणि रेकॉर्डिंग ऐकत बसली. चंद्राचा शब्द खालच्या सुरात सुरू होत होता, मुखवट्याचा वरच्या. मग हात खाली, हात वर. समोरच्या पोरांना वाटलं, म्हातारी माश्या हाकलतेय.

एका संध्याकाळी तिने मला कुंपणापाशी साक्षीला उभं केलं. फोनवर नातीने पाठीमागे चित्र लपवलं आणि एकच शब्द म्हणाली. आंटीचा हात खाली आला. मग तिने आकाशाकडे बोट केलं. पोरीने चित्र पुढे धरलं. चंद्र. त्यानंतर पोरगी किती वेळ हळू आवाजात बडबडत होती.

फोन बंद करून आंटी माझ्याकडे वळली.

“तिला वाटायचं, आजी बहिरी आहे,” ती म्हणाली. “आज ओरडली नाही.”

देशाच्या सीमा उघडतील त्या दिवशी नातीकडे निघालेल्या आंटीला एअरपोर्टवर मीच सोडणार. गाडीच्या लायसन्सची परीक्षा इंग्रजीत असते, आणि माझं इंग्रजी कच्चं. पण देणार. नापास झाले तर परत देईन, तिला टॅक्सीने जाऊ देणार नाही.