अकरा घरं, साडेपाच आटे

या वर्षी मी शर्यतीत शेवटचा येणार नाही, हे मी सान इसिद्रोच्या, म्हणजे आमच्या गावच्या संताच्या, जत्रेआधी महिनाभर जो भेटेल त्याला ऐकवत होतो. मला शास्त्र सापडलं होतं! मी शाळेत गणित शिकवतो. चाळिशीवरच्यांच्या मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे खड्ड्या-उंचवट्यांवरच्या मोटारसायकल शर्यतीत, चार वर्षं शेवटचा येतोय, त्यात माझा काही दोष नाही, सगळा दोष शॉकअपचा, हे मी आकडेमोड करून सिद्ध केलं होतं.

शास्त्र सोपं आहे. हेल्मेट-बूट चढवून गाडीवर बसलं की सीट बरोबर दहा सेंटिमीटर दबली पाहिजे. जास्त दबली तर गाडी खड्ड्यात आपटते. कमी दबली तर गाडी तुम्हाला उडवते. मागच्या स्प्रिंगवर एक कडं असतं, ते पान्याने आवळायचं किंवा सैल करायचं. सगळा खेळ वजनाचा!

जत्रेच्या सकाळी बायकोला, म्हणजे लुझला, टेप देऊन गाडीमागे उभं केलं.

"पोट कशाला आत घेतोस?" ती म्हणाली. "आत घेतलं तरी बसलंय गाडीवरच ना?"

"तू माप सांग!"

"दहा. आणि ऐक गानी, आज पुन्हा शेवटचा आलास तर ही गाडी विकायची आणि फ्रीझर आणायचा. माझ्या आइसकँडीला जागा पुरत नाही. दे शब्द."

दिला! वजन एकाहत्तर किलो, सीट दहा सेंटिमीटर, घाबरायचं कशाला? शर्यत तीनला होती. तोवर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही असं ठरवून निघालो.

इथे गणित चुकलं. रस्त्यावर मिरवणूक, त्यामुळे इंजिन बंद, गाडी ढकलत न्यायची. आणि मैदानापर्यंत ओळखीची अकरा घरं! जत्रेच्या दिवशी सगळ्यांची दारं सताड उघडी!

पहिल्याच दारात निनोंग फाउस्टो, आमच्या लग्नातले धर्मपिता.

"निनोंग, आज शर्यत आहे. खाणार नाही."

"माझ्या दारावरून उपाशी जाणार? बरं बरं. जा. पुढच्या वर्षी मी असेन-नसेन."

म्हातारा गेली नऊ वर्षं हेच म्हणतोय. तरी बसलो. भाजलेलं डुक्कर, त्याची कुरकुरीत साल, भात, शेवया. बाहेर येऊन विचार केला, वजन वाढलं म्हणजे स्प्रिंग आवळायला हवी. पाना काढला, अर्धा आटा आवळला. शास्त्र शाबूत!

दुसऱ्या घरी शाळेच्या हेडबाई. त्यांना नाही म्हणायची माझी काय टाप? अर्धा आटा. तिसऱ्या घरी पुडिंग, अर्धा आटा. पाचव्या घरापासून मी पाना खिशात ठेवणंच सोडलं. सहाव्या घरी लुझचा थोरला भाऊ सेबिओ पाटावर... कसला पाट, अख्ख्या बाकावर एकटा पसरला होता. शंभर किलोचा गडी, आणि शर्यतीत तोही होता!

"या दाजी! माझी ही चौथी थाळी."

"अरे, तीनला शर्यत आहे!"

"म्हणून तर! रिकाम्या पोटी कुणी गाडी चालवतं का?"

अकरावं घर संपलं तेव्हा साडेपाच आटे झाले होते. कडं आता पुढे सरकेना आणि मीही.

मैदानावर ऊन रणरणत होतं. शिट्टीला पाच मिनिटं असताना मी तोंडावर हात दाबला. चिंचेच्या झाडामागे धावलो आणि अकराही घरांचा पाहुणचार होता तसा परत केला! काय हलकं वाटलं म्हणून सांगू! मग डोक्यात प्रकाश पडला. स्प्रिंग आवळलेली सेबिओच्या मापाची आणि वर बसणार रिकाम्या पोटाचा मी! पाना लावला, तेवढ्यात शिट्टी वाजली.

पहिल्याच उंचवट्यावर गाडीने मला असं झुगारलं की खाली आलो तो टाकीवर. दुसऱ्यावर मागच्या मडगार्डवर. सीटवर मी असलोच तर तो योगायोग!

लाउडस्पीकर ओरडला, "गानी सर आज सीटला शिवायला तयार नाहीत!"

पोरं ओरडली, "सर, खाली या!"

मला खाली यायचंच होतं हो! पण गाडी येऊ देईना. पोहोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. लुझने पाण्याची बाटली पुढे केली. शब्द दिला होता, गाडी विकणं भाग होतं. त्या गाडीवर माझा फार जीव होता.

रविवारी गिऱ्हाईक आलं, सेबिओ! त्याची गाडी त्याच्याखाली बसकण मारायची. माझ्या गाडीवर बसला, लुझने टेप लावला.

"दहा," ती म्हणाली. "बरोबर दहा!"

"दाजी!" सेबिओने मला मिठीच मारली. "असं सेटिंग आजवर कुणाला जमलं नव्हतं!"

महिन्याने शेजारच्या गावच्या जत्रेत सेबिओ पहिला आला. लाउडस्पीकरवर त्याने माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी गाडी, माझं सेटिंग आणि पहिला नंबर! वर मी बसलेलो नव्हतो, एवढाच काय तो फरक. लुझचं म्हणणं, त्यानेच तर फरक पडला.